बर्फाची जागा

“चप्पल काढलंस तरी चलाचा नाय,” बाबलकाका होडीतून म्हणाले. “थयच उभी रव. काय होया ता इचार, मी सांगतंय.”

मी थांबले. माझा एक पाय धक्क्याच्या दगडावर होता आणि दुसरा धक्क्यावरून होडीत टाकलेल्या फळीवर. एका हातात मोजपट्टी, दुसऱ्या हातात चपला.

“पण काका, माप घ्यायचं तर खणात उतरावं लागेल.”

“मी उतरतंय मा.”

“मला स्वतःला बघायला हवं. कोपरे कसे आहेत, फळ्या कशा आहेत...”

“जाळ्याच्या होडयेत बायलमाणूस चढणा नाय.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. ओहोटी कधी लागेल हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं आणि होडीतलं पाणी उपसायला लागले.

माझ्या मागे, होडी बांधायच्या लाकडी खुंटाला टेकून त्यांची बायको उभी होती. यशोदाकाकी. डोक्यावर रिकामी टोपली तशीच, बाजारातून थेट आल्या होत्या. त्या हसल्या.

“चाळीस वर्सां झाली लग्नाक. माझा पाऊल लागूक नाय तेच्या होडयेक. आणि तू काल इलंस ता आज चढतलंस?”

मी पाय मागे घेतला.

त्या वर्षी मी फिजिक्समध्ये बी.एस्सी. झाले होते. एम.एस्सी.चा प्रवेश हुकला होता, आणि सांगलीला घरी बसून नातेवाइकांचे सल्ले ऐकण्यापेक्षा मी कुडाळला मामाकडे आले होते. मामाचं गाड्यांना टेप आणि स्पीकर बसवून द्यायचं दुकान होतं. मामा पेट्या अंदाजाने बनवायचा. सुमो असेल तर एवढी, रिक्षा असेल तर एवढी. मी गेल्यापासून आम्ही गणित करून बनवायला लागलो होतो. स्पीकरच्या मागे किती हवा कोंडायची, तिला बाहेर पडायला केवढी नळी ठेवायची, यावर खालचा सूर, तो पोटात जाणवणारा धम्म आवाज, ठरतो. हवा कमी पडली तर आवाज घुमतो, जास्त झाली तर स्पीकर सैल पडतो. मला त्या कामात गोडी लागली होती. उत्तर बरोबर आलं की ऐकू यायचं. कॉलेजमध्ये असं कुठल्याच उत्तराचं झालं नव्हतं.

बाबलकाकांचा मुलगा हेमू दुकानात आला तो श्रावण संपता संपता. त्याला होडीत सबवूफर बसवायचा होता.

“होडीत?” मामाने विचारलं.

“पर्यटकांच्या,” हेमू म्हणाला. “आमच्या खाडीत आता पाच होड्या आहेत. लोक धक्क्यावर येतात, होडी बघतच नाहीत. जिचा आवाज मोठा तिच्यात जाऊन बसतात. बारा इंची दोन स्पीकर हवेत. आणि वर खुर्च्या मांडायच्या आहेत, त्यामुळे पेटी खाली खणात गेली पाहिजे.”

खण म्हणजे मासे ठेवायची कोठी. बाबल मेथरांची होडी तोवर मासेमारीचीच होती. पण जुने खलाशी एकेक करून मोठ्या ट्रॉलरवर गेले होते, काकांना एकट्याने जाळं ओढवत नव्हतं, आणि हेमूला समुद्र लागत असे. खाडीत तो ठीक असायचा. खाडीचं तोंड ओलांडून पहिली मोठी लाट आली की तो होडीच्या काठावरून वाकायचा. गोव्यात एका हॉटेलच्या काउंटरवर तो नोकरीला होता, ती सोडून आला होता. होडी पर्यटकांसाठी लागली तर तो घरी राहणार होता. नाही तर हॉटेलवाल्याने जागा दिवाळीपर्यंत धरून ठेवली होती.

काका तयार झाले होते, पण एका अटीवर. खणाला खिळा लागता कामा नये आणि भोक पडता कामा नये. पेटी आत बसेल तर तशीच बसली पाहिजे, आणि काढली की खण होता तसा राहिला पाहिजे. खंडेनवमीला होडीची पूजा असते. तोवर पेटी बसली तर होडी हेमूची. नाही बसली तर दसऱ्याला काका मिळतील ते दोन भाडोत्री खलाशी घेऊन समुद्रावर जाणार होते.

“खिळ्याशिवाय?” मी हेमूला विचारलं होतं. “चालत्या होडीत?”

“म्हणून तर तुमच्याकडे आलोय. सगळे म्हणतात, कुडाळला एक मुलगी आहे, ती आधी कागदावर वाजवते, मग पेटी बनवते.”

मला तो प्रश्न आवडला होता. उत्तर एकच होतं. पेटी खणाच्या आतल्या आकाराची, तंतोतंत बनवायची. भोवती फक्त रबराची पट्टी जाईल एवढी फट. वरून दाबून बसवली की तिला हलायला जागाच नाही. पण त्यासाठी माप अचूक हवं होतं. आणि ते घ्यायला मला होडीत जाता येत नव्हतं.

“काय दिसतंय आत?” मी धक्क्यावरून ओरडले. काका खणात उतरले होते, त्यांचं फक्त डोकं दिसत होतं.

“काळोख.”

काकी खदखदून हसल्या.

“तसं नाही काका. भिंती सरळ आहेत का, तिरक्या?”

“सरळ. आतसून फळयो मारलंय मी. फकत नाळयेकडे बारीक होत गेलो हा.” नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. म्हणजे वरून बघितलं तर खण पाचरीसारखा होता. मी वहीत तसा आकार काढला.

मोजपट्टी त्यांना फेकायला लागले तर त्यांनी हात हलवला. “ती वाकता. दोरी बरी.”

त्यांनी नायलॉनची दोरी घेतली. खणात वाकायचे, दोरी ताणायचे, गाठ मारायचे, आणि दोरीचं टोक माझ्याकडे फेकायचे. मी ती धक्क्याच्या दगडावर अंथरून गाठीपासून टोकापर्यंत मोजायची. रुंदी मागची, रुंदी मधली, रुंदी नाळेकडची. लांबी. खोली. प्रत्येक माप मी दोनदा घ्यायला लावलं. दोन्ही वेळी दोरी मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या आत सारखी यायची. मी खूश झाले. प्रयोगशाळेत आमच्या वर्गातल्या पोरांचं एवढं जुळत नसे.

“शिकलंस काय गो तू?” काकींनी विचारलं.

“फिजिक्स.”

“तेच्यात ही पेटी शिकवतत?”

“नाही. लाटा शिकवतात.”

“लाटा?” काकींनी होडीकडे तोंड केलं. “ओ, ऐकलात? हिका लाटा शिकवल्यानी. हेमूक पाठवा हिच्याकडे!”

“हेमूक लाटा येतत,” खणातून आवाज आला. “पोटात रवनत नाय, इतक्याच.”

माप घेऊन झाल्यावर काकींनी मला खुंटाजवळच्या दगडावर बसवलं आणि शहाळं फोडून दिलं. त्या स्वतः बसल्या नाहीत. पुन्हा खुंटाला टेकून उभ्या राहिल्या. लाकूड तिथे खांद्याच्या उंचीवर गुळगुळीत झालं होतं.

“तुम्ही इथेच उभ्या असता?”

“मगे? होडी येताना खंय उभी रवतलंय? खाडीच्या तोंडाक दिसली की मी हय येतंय. जवळ इली की आराडतंय, भरलो?”

“काय?”

“खण गो. खण भरलो काय म्हणान इचारूचा. म्हणजे टोपल्यो कितक्यो होयो ता समाजता.”

“मग काका काय सांगतात?”

काकींनी आवाज त्यांच्यासारखा जाड केला. “आसत दोन माशे.”

“दोनच?”

“खण तोंडापर्यंत भरललो आसलो तरी दोन माशे. रिकामो आसलो तरी दोन माशे. भरलो म्हणून तोंडान सांगूचा नाय, दृष्ट लागता. रिकामो म्हटला तर दर्याक राग.”

“मग तुम्हाला कळतं कसं?”

“होडी पाण्यात कितकी बसली हा ता दिसता मा माका. डोळे आसत.”

“मग विचारता कशाला?”

काकींनी माझ्याकडे नीट बघितलं. माझ्या शिक्षणाबद्दल त्यांना पहिल्यांदाच शंका आली असावी.

“इचारूक नको?” त्या म्हणाल्या.

पेटी मी कुडाळला बनवली. गाडीतल्या पेट्यांना आम्ही दाबलेल्या भुशाची फळी वापरायचो, पण ती खाऱ्या हवेत महिनाभरात फुगली असती. म्हणून होड्यांना लावतात तो प्लायवूड आणला, सांध्यांना गोंद भरला, आणि आतून बाहेरून राळेचे तीन थर दिले. राळ वाळेपर्यंत दुकानात कुणाला श्वास घेता येईना, तेव्हा मामा बाहेर खुर्ची टाकून गिऱ्हाइकांशी बोलायचा. आकार मला मिळालेल्या मापाचा होता, त्यात किती हवा मावते ते मी काढलं आणि त्यावरून नळीची लांबी ठरवली. दोन्ही स्पीकर तोंड वर करून. त्यावर खणाच्या झाकणाच्या जागी बसेल अशी लाकडी जाळी. दुकानातच वाजवून बघितली. समोरच्या किराणा दुकानातल्या बरण्या वाजल्या, आणि मालक भांडायला यायच्या ऐवजी आत येऊन ऐकत बसला.

खंडेनवमीच्या सकाळी आम्ही पेटी टेम्पोतून नेली. खाडीत भरती होती. होडी धक्क्याच्या बरोबरीला आली होती. काकांनी ती घासूनपुसून ठेवली होती, नाळेला झेंडूची माळ बांधली होती. धक्क्याच्या टोकाला, त्यांच्या माडाच्या झापांच्या खोपीच्या दारात, हिरवं जाळं नीट घडी करून ठेवलेलं होतं. तेही धुतलेलं. पूजेच्या ताटात दोन नारळ होते. एक होडीला आणि दुसरा जाळ्याला, की पेटीला, हे मी विचारलं नाही.

हेमू आणि काकांनी पेटी दोरांवर तोलून खणात सोडली. मी धक्क्यावर, काकी खुंटाशी. पेटी घासत, अडत, दाबत जायला हवी होती. मी रबराच्या पट्ट्यांना लावायला साबणाचं पाणीसुद्धा आणलं होतं.

पेटी आवाज न करता आत गेली आणि तळाला टेकली.

“बसली?” मी विचारलं.

हेमूने हात खणात घातला. कोपरापर्यंत गेला.

“ही काय बसली? ही पडली आत!” तो ओरडला. “बाजूने हात जातोय माझा.”

“कुठल्या बाजूने?”

“सगळ्या!”

वायरी आधीच जोडलेल्या होत्या. मी म्हटलं, जरा वाजवून बघ. खालचा सूर लावल्याबरोबर पेटी खणात चालायला लागली. एकदा या फळीवर आपटायची, एकदा त्या. गाणं राहिलं बाजूला, आत कुणीतरी कोंडून घातल्यासारखा आवाज यायला लागला. हेमूने बंद केलं.



“बाबा,” हेमू म्हणाला, “माप तुम्ही दिलंत.”

“मी दिलंय.”

“मग?”

“मग काय? माप बरोबर आसा.”

“बरोबर? चार चार बोटं फट आहे! खिळा मारायचा नाही, भोक पाडायचं नाही. आणि माप हे असं! सरळ सांगायचंत ना, होडी द्यायची नाही म्हणून. मी सकाळच्या गाडीने गेलो असतो गोव्याला.”

“हेमू,” काकी धक्क्यावरून म्हणाल्या, “तोंड सांभाळ.”

“तूच सांग आये. चाळीस वर्षं त्या खणात उतरणारा माणूस. त्याचं माप चुकतं?”

“ता मी कशी सांगू? मी खंय बगूक गेलंय खण!”

काका खणाच्या काठावर बसून आत बघत होते. चेहऱ्यावर अपराधीपणा नव्हता. मला तो माणूस खोटं बोलणारा वाटला नव्हता, पण माझं वाटणं हा काही पुरावा नव्हता. माझ्याकडे पुराव्यासारखं एकच होतं.

“हेमू, फट मोज,” मी म्हटलं. “सगळीकडची. पेटी बरोबर मध्ये सरकव आणि मोज.”

“मोजून काय होणार?”

“मोज तरी.”

त्याने पेटी ढकलून मध्ये आणली आणि बोटं घालून बघितली. डावीकडे चार बोटं. उजवीकडे चार. मागे चार. नाळेकडे, जिथे खण निमुळता होत होता तिथेही, दोन्ही अंगांना चार. वर आठ.

मी वही उघडून माझा आकार बघितला. दोरी ढिली पडली असती तर एका ठिकाणी कमी, एका ठिकाणी जास्त आलं असतं. मुद्दाम चुकवायचं असतं तर एकच माप खोटं दिलं की काम झालं असतं. पाचरीच्या आकाराच्या खणात सगळ्या अंगांनी सारखं अंतर सुटायला फार काळजी घ्यावी लागते. चूक इतकी नीटनेटकी असत नाही. ही चूक नव्हती. कुणीतरी मन लावून आत एक दुसरा, लहान खण मोजला होता.

“काका,” मी विचारलं, “तुम्ही दोरी फळीपासून धरली होती का?”

“फळयेपासून कित्याक?”

“मग कुठून?”

त्यांनी डावा हात आडवा करून पंजा खणाच्या आतल्या फळीला लावला. चार बोटं. आणि उजव्या हाताने दोरी धरल्यासारखं करून ती पंजाच्या अलीकडून ताणली.

“हयसून. समोरसून पण तशीच. खाली चार बोटां, वर चार बोटां.”

“ते का सोडलंत?”

माझा प्रश्न त्यांना खरोखरच कळला नाही. त्यांनी आधी माझ्याकडे, मग हेमूकडे बघितलं.

“बर्फ खंय घालतलंस?” ते म्हणाले. “भोवतीन बर्फ नको? बर्फ नाय घातलंस तर माशे...”

तिथे ते थांबले.

हेमूचं तोंड अर्धवट उघडं होतं. ते त्याने मिटलं. तो बापाकडे बघत नव्हता, त्याने जोडलेल्या वायरींकडे बघत होता, आणि मग उगाच त्यातली एक काढून पुन्हा बसवायला लागला.

काकांचा पंजा अजून फळीवरच होता. तो त्यांनी काढला आणि धोतराला पुसला, ओला नसताना.

“व्हय,” ते म्हणाले. “ता माझ्या ध्यानातच रवाक नाय.”

काकी खुंटापासून एक पाऊल पुढे आल्या होत्या. त्या पुन्हा मागे जाऊन टेकल्या.

“दुसरी पेटी होईल?” हेमूने मला विचारलं. आवाज खाली आला होता.

“होईल. पण आज नाही. राळच आठवडाभर वाळत नाही.”

“नवमी आज आसा,” काका म्हणाले. त्यांनी आपली अट कुणाला सांगावी तशी नाही, स्वतःलाच आठवण केल्यासारखी सांगितली. ते नाळेकडच्या माळेकडे बघत होते. उद्या दसरा होता. भाडोत्री खलाशी सांगून ठेवलेले होते. त्यांनी काहीही न करता नुसतं बसून राहायचं होतं, आणि होडी त्यांची राहिली असती.

मी स्वतःशीच, पण मोठ्याने, विचार करत होते. मला तशी सवय होती. “पेटी लहान असली तरी आवाजाला चालेल. हवा मी तिच्याच मापाची धरलीय. प्रश्न फक्त फटीचा आहे. फटीत काहीतरी गच्च भरायला हवं. फोम चालणार नाही, तो पाणी धरतो. लाकूड भरलं तर ते वाजेल. असं काहीतरी हवं, की भिजलं तरी कुजणार नाही, खाली पाणी झिरपू देईल, आणि दाबून भरलं की उलट दाबून धरेल.”



मग काका उठले. फळीवरून धक्क्यावर आले, माझ्या शेजारून खोपीकडे गेले. परत आले तेव्हा हिरवं जाळं त्यांच्या खांद्यावर होतं. दुसऱ्या हातात मासे कापायची सुरी.

मला वाटलं होतं, जाळं तसंच गुंडाळून भरतील. त्यांनी ते होडीत पसरलं, एका टोकाला पाय दिला, आणि हातभर अंतरावर सुरी लावली. नायलॉन कापला जाताना फारसा आवाज होत नाही.

“ओ,” काकी म्हणाल्या. “ओ, काय करतास?”

“आख्खा जायत नाय फटीत.”

“जुना जाळा आसा मा खोपीत. ता घ्या.”

“जुना कुजका आसा. ही म्हणता मा, दाबून धरूक होया.”

“ह्या दोन वर्सां झाली नाय घेवन...”

“व्हय.”

त्यांनी पुढचा तुकडा कापला. मग हेमू खाली बसला आणि त्याने दुसरं टोक ताणून धरलं. काका कापायचे, हेमू तुकड्याची वळकटी करायचा. पेटी त्यांनी पुन्हा दोरांवर उचलली, तळाला जाळ्याचा थर घातला, आणि मग ती खाली ठेवून काका एकेक वळकटी भिंतींच्या फटींत ठासायला लागले. अंगठ्याने, मग मुठीने, मग वल्ह्याच्या दांड्याने. एक कोपरा झाला की दुसरा. घाई नव्हती. माशांच्या भोवताली बर्फ भरतानाही ते असेच भरत असतील, असं मला वाटलं. अंदाज होता, मी तसं कधी बघितलेलं नव्हतं.

शेवटची वळकटी गेल्यावर हेमूने पेटीला दोन्ही हातांनी धक्का दिला. पेटी हलली नाही. होडी हलली.

वर त्यांनी लाकडी जाळी बसवली. जाळीच्या कडेने हिरवा नायलॉन थोडा थोडा वर आला होता.

“वाजव,” मी म्हटलं. “पण हळू. खालून सुरू करून सूर हळूहळू वर न्यायचा. प्रत्येक फळीला हात लावून बघ, कुठे थरथर लागतेय का.”

“मला नाही कळायचं ते,” हेमू म्हणाला. “मला सगळंच थरथरल्यासारखं वाटतं होडीत.”

मी काकांकडे बघितलं. ते सुरी पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी ती कमरेला लावली नाही, पूजेच्या ताटात ठेवली. मग फळीच्या टोकाशी आले आणि हात पुढे केला.

“ये गो.”

मला वाटलं, सूर सोडायला मोबाइल मागताहेत. मी तो पुढे केला.

“तुका म्हणतंय. ये. तूच बग.”

मी चपला काढल्या. फळीवर पाय टाकणार तेवढ्यात कुणीतरी माझं कोपर धरून मला बाजूला केलं.

“थांब,” यशोदाकाकी म्हणाल्या. “चाळीस वर्सां मी हय खुंटासारखी उभी. आणि पयला पाऊल ह्या सांगलीच्या चेडवाचा? सर मागे.”

त्यांनी टोपली खाली ठेवली, पदर कमरेला खोचला आणि फळीवर चढल्या. मध्ये फळी वाकली तेव्हा थबकल्या. काकांनी हात धरला. काकींनी तो झटकला, मग पुढच्या पावलाला स्वतःच धरला. होडीत उतरल्यावर त्या सरळ उभ्या राहिल्या आणि चहूकडे बघितलं. रोज खाडीच्या तोंडापासून ओळखता येणारी वस्तू आतून किती लहान आहे, याचा हिशेब करत असाव्यात.

“हयसर तुमी निजतास?” त्यांनी नाळेजवळच्या फळकुटाकडे बोट दाखवलं.

“निजतंय.”

“पाय तरी लांब होतत?”

“नाय.”

“म्हणान घराक इल्यार आडवे-तिडवे निजतास,” काकी म्हणाल्या.

मी चढले. काकांनी मला हात देऊन आत घेतलं आणि ते फळीवरून बाहेर गेले. दोर सैल झालाय, तो बघतो, असं काहीतरी म्हणाले. हेमू ॲम्प्लिफायरपाशी बसला. मी खणाशेजारी गुडघ्यावर बसून तळवा जाळीवर ठेवला आणि मोबाइलवरून सूर सोडला. अगदी खालचा. तो ऐकू येण्याआधी तळव्याला लागतो. हळूहळू वर नेला. मी नाळेकडच्या फळ्या बघितल्या, बाजूच्या बघितल्या, काठ बघितला. प्रत्येक लाकडी वस्तूचा स्वतःचा एक सूर असतो. तो आला की ती कुठेतरी खडखडते. मी तो सूर गाठायची वाट बघत होते. तो आलाही असेल, कारण एका क्षणी होडीभोवतीच्या पाण्यावर बारीक सारख्या रेघा उठल्या आणि विरल्या. पण लाकूड वाजलं नाही. काहीच वाजलं नाही. सूर जाळ्यात गेला आणि तिथेच राहिला.

आज मी पुण्यात गाड्यांच्या आतला आवाज मोजायचं काम करते. मोटारीच्या पत्र्यामागे काय भरलं की तो वाजणार नाही, यावर आमच्या प्रयोगशाळेत वर्षभर चाचण्या चालतात. इतका बेमालूम बसलेला सांधा मी त्यानंतर फार कमी वेळा ऐकला.

मी सूर बंद केला आणि काकांना सांगायला धक्क्याकडे वळले.

दोर केव्हाच बांधून झाला होता. काका खुंटाला टेकून उभे होते. काकींची टोपली त्यांनी उचलून हातात घेतली होती. ते होडीकडे बघत होते. माझ्याकडे नाही, हेमूकडे नाही. ती पाण्यात कितपत बसली आहे, तिकडे.

“भरलो?” त्यांनी विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पेटी पक्की बसलीय, कुठेही खडखड नाही, असं सगळं मला सांगायचं होतं. काकींनी माझं मनगट दाबलं. त्या नाळेजवळून, झेंडूच्या माळेपासून माझ्या शेजारी आल्या होत्या. त्यांनी घसा साफ केला आणि आवाज जाड केला.

“आसत,” त्या ओरडल्या. “आसत दोन माशे!”